बार्थोलोम्यू काउंटीतल्या प्राथमिक शाळा: होप की कोलंबस?

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनमध्ये पुण्याहून कोलंबसला (इंडियाना) येत आहोत. ह्यांची कमिन्समध्ये बदली झाली आहे. मुलगी सात वर्षांची, ऑगस्टमध्ये दुसरीत जाईल. आजवर मराठी शाळेत शिकली. इंग्रजी कळतं, पण बोलायला बुजते. घरं शोधायच्या साइटवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात, ते पाहून आमची झोप उडाली आहे. होप गावात आम्हाला परवडणारं, अंगण असलेलं घर मिळतंय, पण ओळखीतले सगळे म्हणतात, शहरातच राहा. गावाकडच्या शाळा खरंच कच्च्या आहेत का? ज्यांची मुलं तिथे शिकली त्यांनी कृपया लिहावं.

— नवी सभासद, सध्या पुणे

*

ताई, स्वागत आहे. माझी दोन्ही मुलं शेतांच्या मधोमध असलेल्या शाळेतून सहावी पास झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नकाशा समजून घ्या. काउंटी एक असली तरी सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था दोन आहेत. कोलंबस आणि भोवतालचा बहुतेक भाग बीसीएससीकडे (बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशन) आहे, त्यांच्या ११ प्राथमिक शाळा. होप मात्र फ्लॅट रॉक-हॉक्रीककडे. तिथे एकच होप एलिमेंटरी आणि सातवीपासून बारावीपर्यंत हाउझर. म्हणजे मुलगी पुढची दहा-अकरा वर्षं बहुतेक त्याच मुलांबरोबर शिकेल. बुजऱ्या मुलीला हे फार मानवतं असं मला वाटतं. आणि बीसीएससीच्या सगळ्या शाळा शहरात आहेत असंही नाही: माउंट हेल्दी, रॉकक्रीक, टेलर्सव्हिल या मका-सोयाबीनच्या पट्ट्यातल्याच.

आता ते दहापैकी गुण. कृपा करून त्यांवर घर ठरवू नका. त्यांचा मुख्य आधार आयलर्न ही राज्याची परीक्षा, आणि ती तिसरीपासून पुढे होते. पहिली-दुसरीचा वर्ग कसा चालतो, हे त्या आकड्यात मुळी येतच नाही. शिवाय लहान शाळेत एका इयत्तेत ४० मुलं धरा. एका वर्षी तीन मुलं जास्त नापास झाली की टक्केवारी साडेसातने घसरते. बाई त्याच, पुस्तकं तीच, आणि साइटवर शाळा मात्र पडलेली दिसते.

दुसरं म्हणजे, सरासरी गुण मुलांच्या घरची परिस्थितीच जास्त दाखवतात. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या शाळांच्या निकालांवर हेच काम केलं आहे. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की शिकागोची मुलं तिसरीत मागे असतात, पण पुढच्या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकतात. सरासरी पाहणाऱ्याला तिथल्या शाळा वाईटच वाटल्या असत्या. म्हणून राज्याच्या शिक्षण खात्याच्या डॅशबोर्डवर जाऊन 'ग्रोथ', म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे गेली ते, पाहा, आणि एका वर्षाचा नको, तीन-चार वर्षांचा पाहा.

तुमच्या मुलीसाठी खरा मुद्दा आयरीड-३ आहे. वाचनाची ही परीक्षा आता दुसरीतच एकदा देतात, आणि २०२४ च्या कायद्यानंतर तिसरीअखेर ती पास न झालेल्या मुलाला, काही सवलती सोडल्या, तर तिसरीतच ठेवतात. तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा: वाचनात मागे असलेल्या मुलाला रोज कोण शिकवतं, किती वेळ, आणि किती मुलांच्या गटात? ज्या शाळेत याचं उत्तर पटकन आणि नेमकं मिळतं, ती शाळा मला दहापैकी नऊवालीपेक्षा जवळची.

बसचा प्रवास मात्र आधी नीट विचारून घ्या. गावाकडच्या मार्गावर पहिलं चढणारं मूल अंधारात थांब्यावर उभं असतं. धुकं किंवा बर्फ असलं की शाळा दोन तास उशिरा भरते. तुम्ही दोघंही नोकरी करणार असाल तर त्या सकाळी मुलीजवळ कोण थांबणार, हे होपमध्ये घर घेण्याआधी ठरवा. माझ्या मते होपची खरी अडचण हीच, शिक्षण नव्हे.

गावाकडच्या शाळा म्हणजे दुय्यम, हा समज इथे तरी धरू नका. कमिन्स फाउंडेशनने शाळांसाठी नामवंत वास्तुविशारदांची फी भरली, तेव्हा शहरातल्या श्मिट शाळेला (१९५७) हॅरी वीझ मिळाले, तसे शेतातल्या माउंट हेल्दीलाही (१९७२) न्यूयॉर्कचे हार्डी होल्झमन फायफर मिळाले. मुलीला घेऊन एकदा पाहून या.

— कोलंबसची जुनी सभासद

*

खूप आभार ताई. घाबरणं बरंच कमी झालं. एकच शंका: प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घरची भाषा विचारतात. एकांनी सुचवलं, इंग्रजी लिहा, नाहीतर मुलीला वेगळं बसवतील.

*

नमस्कार. मी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मदत करतो, म्हणून हे उत्तर माझं.

मराठीच लिहा. त्यानंतर विडाची (WIDA, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची भाषा तपासणारी परीक्षा) छोटी चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. त्यात कमी पडली तर तिला इंग्रजीची जादा मदत मिळते, आणि ती मिळणं हा तिचा कायदेशीर हक्क आहे. मदतीचा तास सोडला तर ती आपल्याच वर्गात असते. ही जादा शिकवणी तुम्ही नाकारू शकता, दरवर्षीची विडाची परीक्षा मात्र चुकत नाही. वर आयरीड-३ चा विषय निघालाच आहे: दोन वर्षांपेक्षा कमी काळ अशी मदत घेतलेल्या मुलांसाठी त्यात सवलतीची तरतूद आहे. इंग्रजी लिहिलंत तर हे दार तुम्हीच बंद कराल.

पाठ्यपुस्तकांची फी २०२३-२४ पासून नाही, त्याची काळजी नको. पुण्याहून निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड मात्र तपासा. कांजिण्यांचे दोन आणि हेपेटायटिस ए चे दोन डोस इथे लागतात, आणि आपल्याकडच्या कार्डांवर बऱ्याचदा एकेकच असतो. राहिलेला डोस तिथेच घ्या आणि तारखेसह डॉक्टरांची सही-शिक्का आणा. जन्मदाखला आणि घरभाड्याचा करार हाताशी ठेवा, म्हणजे जुलैअखेर नाव घालता येईल.