मदत हवी आहे : फिरत्या घरासाठी जुनी बस घ्यायची आहे, डिझेलला कोणती परवडेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको साताऱ्याचे. यांची नोकरी मार्चमध्ये संपते आहे, मुलं आपापल्या संसाराला लागली आहेत. पावसाळा घरी काढायचा आणि दसरा झाला की गाडी घेऊन बाहेर पडायचं, असं दोघांनी मिळून पक्कं केलंय. चार दिवसांच्या सहलीची गाडी नकोय, राहतं घर हवंय: पलंग, ओटा, संडास, पाण्याची टाकी आणि यांच्या तबल्याला एक कोपरा. नवी कॅराव्हॅन आमच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून जुनी बस घेऊन आतून बांधून घेणार आहोत.

सगळं अडतंय ते डिझेलपाशी. वर्षाला १२,००० किमी फिरणं आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर लिटरला ५ किमी देणाऱ्या मोठ्या बसला २,१६,००० रुपये लागतात आणि १० देणारीला १,०८,०००. पेन्शनीत दरवर्षीचा हा लाखाचा फरक फार मोठा आहे. त्यामुळे ४०-४५ सीटच्या बस स्वस्तात मिळत असूनही बाजूला ठेवल्या. आता दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली फोर्स ट्रॅव्हलर, २६ सीट, २०१८ची, बीएस-४ (म्हणजे धुराच्या आधीच्या नियमांची). सहली नेणाऱ्या एका गृहस्थांची आहे. बरीच पळलेली आहे, पण देखभाल चांगली दिसते. हायवेला १०-११ देते म्हणतात.

दुसरी शाळेची बस, टाटाची ३२ सीटर, २०१९ची, तीही बीएस-४. पळाली आहे पहिलीच्या निम्म्याहून कमी, कारण लॉकडाऊनमध्ये उभीच होती. आत शिरल्याबरोबर मोकळं वाटलं. मालक ७-८ सांगतात. किंमत दोन्हींची जवळपास सारखी.

बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांची गाडीही पाहिली, पण ती महाग आहे. शिवाय आमच्या ओळखीचे मेकॅनिक म्हणाले की युरिया (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) आणि धुराचा फिल्टर सांभाळायची तयारी असेल तरच घ्या. गाडी महिना-महिना एका जागी उभी राहणार आणि नंतर जवळपासच फिरणार असेल तर फिल्टर चोंदायची भीती असते.

तर मला विचारायचंय असं की घराचं सामान चढल्यावर हे मायलेज किती उतरेल? कमी पळालेली शाळेची बस घ्यावी की जास्त पळालेली ट्रॅव्हलर? आणि कागदपत्रांत आधी काय पाहावं? ज्यांनी स्वतः अशी गाडी केली आहे किंवा बसच्या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, वजनाची काळजी सोडा. २६ माणसं ६५ किलोंची धरली तरी १,६९० किलो होतात, वर त्यांच्या बॅगा. तुमचं घर एवढं भरत नाही. १८ मिमीची प्लायची आठ बाय चारची एक शीट ३०-३५ किलोंची असते, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. हिशेब कागदावर मांडा, हजार-बाराशेत बसवा आणि जड वस्तू दोन्ही बाजूंच्या चाकांवर सारख्या वाटा. पाण्याची टाकी एका कडेला लावली की गाडी कायम त्या अंगाला झुकते, टायर खाते.

मायलेज खातो तो वारा. वेग ६० वरून ८० वर नेला की वाऱ्याचा विरोध जवळपास पावणेदोनपट होतो. टपावर कॅरियर, एसीचा डबा, उभे केलेले सोलर पॅनेल हे सगळं त्यात भर घालतं. पॅनेल टपाला सपाट बसवा आणि ६०-६५ने चालवा. तुम्हाला घाई कसली?

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. शाळेची बस दिवसातून दोनदा, दर चौकात थांबत, गेटवर इंजिन चालू ठेवून उभी असते. मीटर कमी दिसतो, इंजिन मात्र तासन् तास चाललेलं असतं. दोन्ही गाड्या सकाळी थंड इंजिनवर सुरू करून घ्या, मालकाला आधीच तापवून ठेवू देऊ नका. इंजिन गरम झालं की गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भसाभसा धूर बाहेर आला तर पिस्टन-रिंगा गेल्यात असं समजा. सायलेन्सरचा धूर निळा तर ऑइल जळतंय, काळा तर इंजेक्टर पाहा. मग टाकी काठोकाठ भरा, शंभरेक किलोमीटर घाट आणि सपाट दोन्ही चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. मालक तोंडाने काय सांगतो यापेक्षा ते खरं.

मला विचाराल तर ट्रॅव्हलर. अंगाने लहान, रिकामी हलकी, आणि गावोगाव तिचे पार्ट व मिस्त्री मिळतात. पुढच्या प्रवासात हे फार उपयोगी पडतं.

कागदांत आरसीवरचं एकूण वजन पाहा. ७,५०० किलोच्या आत असेल तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर भागतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यापारी गाड्यांनाही ते लागू असल्याचं सांगितलंय. फायनान्सचा बोजा उतरलाय का, टॅक्स आणि ई-चलन थकलंय का, परमिट सरेंडर होणार का, हे पैसे देण्याआधी बघा.

प्रतिसाद २

आम्ही अशाच गाडीत राहतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. टेप घेऊन जा आणि आतली रुंदी खिडकीच्या पट्टीपाशी मोजा. पलंग आडवा बसला तर गाडीची अख्खी लांबी मोकळी मिळते. उभा घालावा लागला तर ओटा आणि संडास यांची दाटी होते. रोज तिथेच राहायचं असेल तर लिटरमागे दोन किलोमीटर सोडून द्यावेत असं मला वाटतं. आणि मॅट उचलून चाकांच्या वरचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. किनाऱ्यावर वापरलेली गाडी तिथेच सडते.

आणखी एक, सीट काढायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल मंजुरीशिवाय चालत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि वर्कशॉप त्यानुसार काम करून देणारं हवं. नोंद बदलली की इन्शुरन्सलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कालच टेप घेऊन गेलो. ट्रॅव्हलरमध्ये हे आडवे झाले तर पाय दुमडावे लागतात, शाळेच्या बसमध्ये सरळ मावतात. माझं मात्र दोन्हीकडे भागतं. म्हणून पलंग थोडा तिरका घालून ट्रॅव्हलरमध्ये जमतंय का, ते सुताराला कागदावर काढायला सांगितलंय. सोमवारी दोन्ही आरसींच्या झेरॉक्स घेऊन आरटीओत जाणार आहोत. टाकी भरून चालवायला ट्रॅव्हलरचे मालक लगेच तयार झाले, शाळेच्या बसचे मालक टाळाटाळ करताहेत, त्यामुळे माझं मन ट्रॅव्हलरकडे झुकलंय. पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात एआयएस-१२४ प्रमाणे काम करून कागद हातात देणारं वर्कशॉप कुणी स्वतः अनुभवलं असेल तर कळवा.