डोंगरवाटांवरची लांब पल्ल्याची धाव : आपला अनुभव लिहा

सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी 53 किलोमीटरची शर्यत पूर्ण करून मला आता दोन महिने होत आले. तयारीच्या काळात मला सर्वाधिक उपयोग झाला तो सोबतच्या धावपटूंनी वाटेत सांगितलेल्या लहानसहान गोष्टींचा, आणि त्या कुठेतरी एकत्र असाव्यात म्हणून हा धागा काढत आहे. आपण शर्यत पूर्ण केली असेल, अर्ध्यावर सोडली असेल किंवा केवळ आनंदासाठी जवळच्या टेकडीवर धावत असाल, तरी तयारी कशी केली, काय चुकले आणि डोंगर कधी आवडू लागला, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

पुणे (धागाकर्ती)

मी मूळची रस्त्यावर धावणारी. एक किलोमीटर किती मिनिटांत झाला, एवढेच मला मोजता येत असे. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी वाट तीन किलोमीटरपेक्षाही कमी आहे, पण तेवढ्यात सुमारे 600 मीटर चढ चढावा लागतो. पहिल्या दिवशी मी तो धावत चढायला गेले आणि निम्म्यावर थांबून श्वास घेत असताना, मांड्यांवर हात टेकवून एका लयीत चालणारे साठीचे एक गृहस्थ मला मागे टाकून वर गेले. परतीच्या वाटेवर भेटले तेव्हा त्यांनी सांगितले, "ताई, एवढ्या उभ्या चढावर धावून वेग फारसा वाढत नाही, दम मात्र दुप्पट जातो. चालायचा सराव वेगळा करा."

त्या दिवसापासून मी वहीत किलोमीटर लिहिणे सोडले आणि दोनच आकडे ठेवले : पायांवर किती तास होते आणि किती मीटर चढ झाला. मंगळवारी वेताळ टेकडीवर तासभर, गुरुवारी पाय, कंबर आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, शनिवारी तीन ते पाच तासांची लांब धाव आणि रविवारी थकलेल्या पायांनीच सिंहगड, असा माझा आठवडा असे. शर्यतीच्या महिनाभर आधी एकाच सकाळी तीन वेळा सिंहगड केला, म्हणजे सुमारे 1800 मीटर चढ झाला. दर चौथा आठवडा हलका ठेवला आणि तो मोडला नाही, याचे श्रेय मी कोणत्याही अवघड सरावापेक्षा अधिक मानते, कारण त्याआधीच्या वर्षी विश्रांती टाळल्यामुळेच नडगीच्या दुखण्याने मला दोन महिने घरी बसवले होते.

आनंदाचे विचाराल तर पौर्णिमेच्या रात्री केलेला कात्रज ते सिंहगड हा प्रवास. एक टेकडी उतरली की दुसरी उभी असते, डावी-उजवीकडे गावांचे दिवे लुकलुकत असतात आणि हेडटॉर्चच्या प्रकाशात फक्त पुढची चार पावले दिसतात. माझे मन तेवढे शांत आणखी कुठेच झालेले नाही.

नाशिक

मी उताराविषयी लिहितो, कारण त्याचा सराव बहुतेक जण करीत नाहीत. अंजनेरीवर मी चढ उत्तम चढत असे आणि उतरताना वेळ कमावू, असे मनात धरत असे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू आखूड होत नाहीत, तर ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि स्नायूंची सर्वाधिक झीज याच कामात होते. माझ्या पहिल्या 50 किलोमीटरच्या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर जिना उतरावा तसे एकेक पाऊल टाकावे लागले.

दिलासा असा की शरीर हे लवकर शिकते. एकदा नेटाने उतार धावला की दोन-तीन दिवस मांड्या दुखतात, पण पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा त्रास देत नाही. त्यामुळे मी आता शर्यतीच्या तीन आठवडे आधी शेवटचा मोठा उतार धावतो. पावले लहान आणि जलद ठेवावीत, नजर तीन-चार मीटर पुढे असावी, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरुमाच्या उतारावर, मागे रेलू नये, कारण रेलले की टाच सुटते. डिसेंबरातले वाळलेले गवतही पावसाळ्यातल्या शेवाळाइतकेच निसरडे असते, हे नव्यांनी लक्षात ठेवावे.

मुंबई, दादर

डोंगर जवळ नसलेल्यांनी निराश होऊ नये. आमची इमारत 20 मजली आहे. एक मजला सुमारे 3 मीटर धरला तर एका फेरीत 60 मीटर आणि दहा फेऱ्यांत 600 मीटर चढ होतो, म्हणजे वर उल्लेख आलेला सिंहगडच झाला. उतरताना लिफ्ट घेऊ नये, नाशिककरांनी सांगितलेला सराव तिथेच होतो. महिन्यातून दोन रविवार मात्र पहाटेची लोकल पकडून कर्जतच्या बाजूला जातेच, कारण पायऱ्या एकसारख्या असतात आणि घोट्याला दगड-मुरुमाची सवय पायऱ्यांवर लागत नाही.

कोल्हापूर

माझी शर्यत अर्धवट राहिली, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. मसाईच्या पठारावर आणि पुढे पावनखिंडीच्या वाटेवर मी अनेक पावसाळे धावलो आहे, त्यामुळे अंतराची भीती नव्हती. शर्यतीच्या दिवशी ऊन कडक होते आणि तहान लागो न लागो, मी दर दहा मिनिटांनी पाणी पीत राहिलो, मीठ मात्र जवळपास घेतलेच नाही. सहाव्या तासाला डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बोटे सुजून अंगठी घट्ट झाली. मला वाटले पाणी कमी पडले, म्हणून आणखी प्यायलो. पुढच्या पाणपोईवर एका डॉक्टर धावपटूने बोटे पाहून मला थांबवले आणि सांगितले की पाणी जास्त होऊन रक्तातले सोडियम उतरले असावे आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते.

आता तहानेप्रमाणे पितो. तासाला साधारण 50 ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहतो आणि त्यासाठी राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि गूळ-लिंबाचे मीठ घातलेले सरबत जवळ ठेवतो. जे शर्यतीत खायचे ते आधी प्रत्येक लांब धावेत खाऊन पाहतो, कारण धावताना पोट नवे काही स्वीकारत नाही. ती शर्यत सोडल्याचे दुःख वर्षभर राहिले, पण त्या डॉक्टरांचे ऋण त्याहून मोठे आहे.

जिनिव्हा

मी मूळची साताऱ्याची असून नोकरीनिमित्त गेली अनेक वर्षे इथे राहते. स्वित्झर्लंडमधील पिवळ्या मार्गफलकांवर पुढचे गाव किती किलोमीटरवर आहे हे लिहिलेले नसते, तिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे लिहिलेले असते. डोंगरात अंतर हे वेळेतच मोजायचे असते ही धागाकर्तीची गोष्ट इथे रस्तोरस्ती लिहून ठेवलेली आहे, याचे मला वाचताना फार अप्रूप वाटले.

इथल्या ओर्सिएर गावातून निघून शाँपेमार्गे फ्रान्समधील शामोनीला पोहोचणारी सुमारे 55 किलोमीटरची शर्यत मी धावले. तिथे पाऊस-जाकीट, दिवा आणि अंगाची ऊब टिकवणारी पातळ जीवरक्षक चादर पाठीवर असल्याशिवाय धावू देत नाहीत. आभाळ निरभ्र असताना ते ओझे नकोसे वाटले होते, पण दुपारी वरच्या खिंडीत गारांचा मारा सुरू झाला, बोटे बधिर झाली आणि जाकिटाची चेन लावायलाही एका अनोळखी स्पर्धक बाईंची मदत घ्यावी लागली. चेन लावून झाल्यावर त्यांनी आपला एक हातमोजा काढून मला दिला, आणि पुढचा तासभर आम्ही दोघी एकेक हातमोजा घालून, एकमेकींची भाषा येत नसताना, पाठोपाठ उतरत राहिलो. तो हातमोजा परत करायचा राहून गेला, तो अजून माझ्या धावण्याच्या पिशवीत आहे.