पॉवर रिस्ट्रिक्टर घरीच काढायचाय (कार्ब्युरेटरवाली ५०० सीसी बाइक)

आडवाट:

नमस्कार मंडळी. मी युरोपात राहते. दोन वर्षं ए-टू लायसन्सवर (इथे नव्या चालकांना ठरावीक ताकदीपर्यंतचीच बाइक चालवू देणारं) बाइक चालवली, पुढची परीक्षा दिली आणि गेल्या आठवड्यात पूर्ण ए लायसन्स हातात आलं. आता गाडीला मोकळं करायचंय.

गाडी १९९९ सालची, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली. मूळ ताकद ४२ किलोवॅट, पण रजिस्ट्रेशनच्या कागदावर पी.२ च्या, म्हणजे ताकदीच्या रकान्यात २५ लिहिलंय. आधीच्या मालकाने ताकद कमी करणारा रिस्ट्रिक्टर बसवला होता, त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. खालच्या आरपीएमला गाडी अगदी गोड चालते. साडेपाच-सहा हजारांच्या वर मात्र कितीही मूठ पिळली तरी गुदमरते, नाक चिमटीत धरून पळायला लावल्यासारखी.

एका गॅरेजमध्ये विचारलं. "इंजिन उघडावं लागेल, दोन दिवस ठेवून जा," म्हणाले. काय उघडणार, कशासाठी, ते काही केल्या सांगेनात. म्हणून इथे विचारतेय. चेन, ऑइल, प्लग, ब्रेक पॅड मी स्वतः बदलते. कार्ब्युरेटरला अजून हात लावलेला नाही. हे घरी जमेल का? आणि कुठे चुकू शकतं? सोपं आहे म्हणणारे पुष्कळ भेटले, मला चुका ऐकायच्यात.

पाऊलखूण:

ताई, मधेच विचारतो, राग नसावा. भारतात लायसन्स देताना गाडी गिअरची की बिनगिअरची एवढंच बघतात, ताकद कुणी विचारत नाही. ही ताकद कमी करतात म्हणजे नक्की काय करतात? इंजिन तर तेच ना?

जेटनंबर:

आडवाट ताई, आधी मनापासून अभिनंदन. इंजिन उघडायचं काहीही कारण नाही. तुमच्या गाडीत बहुधा दोन चकत्या आहेत, बाकी काही नाही. मी माझ्या जुन्या ५०० वर हेच काम केलंय आणि पहिल्या खेपेला चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पाऊलखूण, इंजिन तेच. ए-टूची मर्यादा १९ जानेवारी २०१३ पासून ३५ किलोवॅट आहे, शिवाय गाडीच्या वजनामागे किलोला ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. त्याआधी नव्या चालकांना २५ किलोवॅटचीच मुभा होती, ताईंच्या कागदावरचे २५ त्या काळातले. ती मर्यादा गाठायला हवेची वाट अरुंद करतात. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्या मधे जी रबरी नळी असते तिच्या तोंडाशी लहान भोकाची ॲल्युमिनियमची चकती बसवतात. माझ्या चकत्यांचं भोक व्हर्नियरने मोजलं तर १७ मिलिमीटर, नळी आतून ३४. व्यास निम्मा झाला म्हणून हवेची वाट निम्मी झाली असं वाटतं, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. वाट उरली चौथाई. कमी आरपीएमला इंजिनाला हवाच थोडी लागते, तेव्हा चकती जाणवत नाही. वर गेलं की भोक पुरत नाही. ताई म्हणतात ती गुदमर हीच.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं, बॅटरीची ऋण वायर काढलेली, दारं-खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत हीटर, शेगडी, काडी काही नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, डोळ्याला दिसत नाही. टाकी शक्यतो अर्ध्याहून रिकामी असताना काढा. मग कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाट्या खालच्या स्क्रूने रिकाम्या करा, नाहीतर तिरपं करताच सगळं हातावर. दोन्ही कार्ब्युरेटर जोडीनेच, एका तुकड्यात बाहेर काढा. त्यांना जोडणारे स्क्रू सोडू नका, म्हणजे दोघांचा मेळ फारसा बिघडत नाही.

जपानी गाड्यांवर जे फुलीचे स्क्रू दिसतात ते साध्या फुलीचे नसतात, जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर घ्याच. क्लॅम्पचा स्क्रू अडला तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा.

कार्ब्युरेटर बाहेर आले की हेडच्या दोन्ही भोकांत लगेच स्वच्छ फडकं कोंबा. चिंधी नको, तिचे धागे आत जातात. आणि फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, बसवताना विसरायला होत नाही. त्या भोकात एक वॉशर पडला तर मात्र खरंच इंजिन उघडावं लागेल.

चकती दोनपैकी एका जागी सापडेल: कार्ब्युरेटर आणि रबर यांच्या मधे, किंवा रबराची पाटी हेडला जिथे बोल्टने बसते तिथे, ओ-रिंगशेजारी (सांधा हवाबंद ठेवणारं रबरी कडं). माझी दुसऱ्या जागी होती. एका बाजूला काजळी, दुसरीकडे पेट्रोलचा पिवळा, चिकट थर. बोटाने फिरवली तर कडेला कोरलेली अक्षरं लागली, तीच प्रमाणपत्रावर होती. तुमचीही जुळवून बघा. सिलिंडर दोन तर चकत्या दोनच, मोजून ठेवा.

चुकलो ते इथे. चकती निघाली, बाकी सगळं जुनं तसंच परत बसवलं. सुरू केली तर आयडलिंग तेराशेऐवजी तीन हजारावर जाऊन बसलं आणि खाली येईना. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट फटाके. मी दोन दिवस आयडलचा स्क्रू फिरवत बसलो. दोष दुसरीकडेच होता. चकतीखाली वर्षानुवर्षं दबलेली ओ-रिंग चपटी झाली होती, चकती गेल्यावर तिथे केसभर फट राहिली, आणि इंजिन त्या फटीतून जास्तीची हवा खेचत होतं. हवा जास्त, पेट्रोल कमी असं मिश्रण पातळ झालं की इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघितला तर टोक पांढरं पडलेलं, एरवी बिस्किटी असतं. तसंच चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनपर्यंत गेलं असतं.

फट शोधायला मी झाडांवर मारायची फवारणीची बाटली घेतली, साधं पाणी भरलं, आणि इंजिन चालू ठेवून रबराच्या सांध्यावर बारीक तुषार मारला. डाव्या सिलिंडरपाशी मारताच आवाज झटकन उतरला. पाणी फटीत बसलं की ती क्षणभर बुजते, म्हणून आरपीएम हलतं. यासाठी कार्ब क्लीनरचा फवारा मारणारे आहेत, पण तापल्या इंजिनावर जळणारं द्रव मी मारणार नाही, कुणी मारू नये.

म्हणून ओ-रिंगा नव्या आणूनच कामाला बसा. रबर वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर तेही नवं. कडक झालेलं रबर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की मऊ पडतं, कार्ब्युरेटर सहज शिरतो.

आणखी एक, प्रमाणपत्रात चकत्यांखेरीज वेगळे जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बसवल्याचा उल्लेख आहे का, ते बघा. असेल तर मुख्य जेटवरचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून मूळ जेट बसवा. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर पुन्हा तेच पातळ मिश्रण.

कागद विसरू नका. पी.२ मध्ये २५ आणि गाडीत ४२ असं ठेवून रस्त्यावर जाऊ नका. तपासणी करून कागद बदलून घ्यायची पद्धत तुमच्या देशातल्या वाहन खात्याकडे विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.

धुकं_आणि_घाट:

जेटनंबर दादा, माझी दोन वर्षं व्हायला अजून आठ महिने आहेत. माझ्याही गाडीत अशाच चकत्या आहेत. आत्ता काढल्या आणि तपासणीच्या आधी परत घातल्या तर? बाहेरून तर काहीच दिसत नाही.

जेटनंबर:

नको रे. चकती काढलीस त्या क्षणी ती गाडी तुझ्या लायसन्सच्या बाहेर गेली, म्हणजे तू बिनलायसन्स चालवतोयस. तू कुणाला धडकलास तर समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च विमा कंपनी तुझ्याकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम फेडायला वर्षं जाऊ शकतात. बाहेरून दिसत नाही हे खरं, पण अपघातानंतर गाडी उघडून बघतात. आठ महिने काढ. तोवर ओ-रिंगा मागवून ठेव.

वळणदार:

नवीन इंजेक्शनच्या गाड्यांना हे लागू नाही, कुणी वाचून पाने घेऊन बसायला नको. त्यांत काहींना थ्रॉटल पूर्ण उघडू न देणारा अडसर असतो, काहींची मर्यादा ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) मॅपमध्येच, म्हणजे प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असते. मॅपवाल्या गाडीला कंपनीचं निदान यंत्र जोडून प्रोग्रॅम बदलावा लागतो. माझ्या गाडीचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालं, त्यांनी केल्याचं पत्रही दिलं, तेच पुढे तपासणीला लागलं.

आडवाट:

काम झालं! शनिवारी सकाळी बसले, दुपारचे तीन वाजले. त्यातला दीड तास एका क्लॅम्पच्या स्क्रूने खाल्ला, जेआयएस ड्रायव्हर नसता तर तो गेलाच होता. चकत्या हेडपाशीच निघाल्या, दोन्हींवरची अक्षरं प्रमाणपत्राशी जुळली. जेट मूळचेच आहेत. जुन्या ओ-रिंगा बाजूला ठेवून बघितल्या तर एका अंगाला अगदी सपाट झालेल्या. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्याच परत घातल्या असत्या, जेटनंबर दादा, खरंच सांगते.

सुरू व्हायला वेळ लागला, वाट्या रिकाम्या होत्या. मग तेराशेवर शांत बसली. फवारणीची बाटली दोन्ही सांध्यांवर मारली, आवाज जराही हलला नाही. विमा कंपनीला मेल गेलाय. तपासणी मंगळवारी, तोवर गाडी स्टँडवर.

आडवाट:

तपासणी झाली, नवा कागद आला, पी.२ : ४२. आज पहिल्यांदा रिकाम्या लांब रस्त्यावर तिला सहा हजारांच्या पुढे नेलं. पूर्वी जिथे आवाज वाढायचा आणि वेग तिथेच राहायचा, तिथून पुढे ती अशी ओढत गेली की मी मूठ थोडी सैल केली. ब्रेक कधी धरायचा याचे दोन वर्षांचे अंदाज आता नव्याने बसवावे लागणार, म्हणून हा महिना नेहमीच्या रस्त्यांवरच चालवणार आहे.

चकत्या पुसून, तेलाचं बोट फिरवून, प्रमाणपत्राच्याच पाकिटात ठेवल्यात. कधी गाडी विकली आणि घेणारा ए-टूवाला असला तर त्याला लागतील. धुकं_आणि_घाट, तुझी गाडी कुठली आहे? माझ्याकडे दोन नव्या ओ-रिंगा जास्तीच्या उरल्यात, माप जुळलं तर पाठवते.