हिशोब वाचून झोपवणारा सेक्रेटरी इंग्रजीत कसा लिहू?

चकली_कडक:
मंडळी मदत हवीये. इंग्रजीत एक कथा लिहितेय, त्यात सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी एकाच सुरात तासभर हिशोब वाचतो आणि मागच्या रांगा पेंगतात. 'रॅम्बल ऑन' की 'ड्रोन ऑन'? ड्रोन म्हटलं की लग्नात शूटिंग करणारं ते उडतं यंत्रच आठवतं हो.

उंटावरचा_शहाणा:
ड्रोन ऑन, डोळे झाकून. ड्रोन म्हणजे मुळात नर मधमाशी, मग तिची ती एकसारखी गुणगुण, यंत्राला हे नाव खूप नंतर मिळालं. रॅम्बल म्हणजे विषय सोडून भटकणं, तुमचा माणूस तर हिशोबाला चिकटून बसलाय, भटकतोय कुठे? फक्त पुढे थेट कर्म लावू नका, 'अबाउट' घाला, म्हणजे 'ही ड्रोन्ड ऑन अबाउट द वॉटर बिल'. 'ऑन अँड ऑन' केलंत तर अजून जांभया येतील.

निवांत_पुणेकर:
+१. यातला 'ऑन' म्हणजे थांबतच नाही हा माणूस, बाकी रंग क्रियापदाचा. 'रॅटल ऑन'मधे तोंडाचा पट्टा सुसाट असतो त्यामुळे झोप नाही येत, आणि 'रॅटल ऑफ' तर निराळंच, यादी पाठ असल्यासारखी धडाधड म्हणून मोकळं होणं. तेच तेच तुणतुणं वाजवणाऱ्याला 'हार्प ऑन', तेही 'एकाच तारेवर हार्प वाजवणे' यावरूनच आलंय, आपल्या तुणतुण्यालाही तार एकच! बडबडत सुटणाऱ्याला लंडनचे कॉकनी (पूर्व लंडनचे कामकरी) लोक 'रॅबिट ऑन' म्हणतात; शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी वापरायची त्यांची पद्धत, त्यात सशाचा संबंध एवढाच की 'रॅबिट अँड पोर्क'चं यमक 'टॉक'शी जुळतं (त्यांच्या उच्चारात, आपल्या नाही).

मुक्काम_लीड्स:
'वॉफल ऑन' कुणी सुचवलं तर जपून. इथे इंग्लंडात त्याचा अर्थ मुद्दा काही नाही नुसतं पाल्हाळ, पण अमेरिकन वाचकाला नुसतं 'वॉफल' म्हणजे धड हो नाही धड नाही असं वाटू शकतं.

चकली_कडक:
भारी! मग सेक्रेटरी ड्रोन ऑन करेल आणि पार्किंगवरून दर मीटिंगला भांडणारे काका हार्प ऑन. हे ऑफिसच्या मेलमधे चालेल का पण?

उंटावरचा_शहाणा:
बॉसबद्दल असेल तर अजिबात नको, सरळ टोमणा आहे तो. तिथे 'स्पोक ॲट लेंथ' लिहा, ज्याला कळायचं त्याला कळतं.