मदत हवी आहे : सहा फितींचा रिबन बार, शिंप्याकडून करून घेतलेला. जुना की जुळवलेला?

चिल्लर_संग्राहक

नमस्कार मंडळी. नाण्यांवरून पदकांकडे आणि पदकांवरून आता रिबन बारकडे (पदकांऐवजी वर्दीवर लावायची त्यांच्या फितींची पट्टी) घसरलोय. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडे एक बार आहे, साडेतीन हजार म्हणतोय. घ्यायच्या आधी जाणकारांचं मत हवंय. मोबाइलवरचे फोटो धड आले नाहीत, म्हणून वर्णन करतो.

दोन ओळी, प्रत्येकीत तीन फिती. बघणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात केली तर:

वर: १) मधे राखाडी, त्याला लागून बारीक लाल रेघा, कडा हिरव्या. २) गडद निळा, लाल, फिकट निळा, सारख्या रुंदीचे. ३) वाळूच्या रंगावर मधोमध रुंद लाल, डावीकडे गडद निळी रेघ, उजवीकडे आकाशी.

खाली: ४) लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल. ५) कडा लाल, मग निळा, अगदी मधे एक बारीक लाल रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरी. ६) केशरी-पांढरा-हिरवा.

माझ्या वाचनाप्रमाणे क्रमाने: इंडिया जनरल सर्व्हिस मेडल (१९३६ चं), मग दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश पदकं म्हणजे १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, वॉर मेडल, आणि शेवटी १९४७ चं इंडियन इंडिपेंडन्स मेडल. आफ्रिका स्टारच्या लाल पट्ट्यावर मधोमध दोन बारीक भोकं आहेत.

पाठीमागे खाकी कापड, आत बक्रमसारखं काहीतरी कडक, हातशिलाई, पितळी पिन. वर पिवळट पारदर्शक आवरण. कुठेही शिक्का, नाव, नंबर नाही.

विक्रेत्याची गोष्ट: साताऱ्याकडचा सुभेदार, मराठा पलटण, केरेनची लढाई (एरिट्रिया, १९४१). या गोष्टीचेच दोन हजार असावेत असा संशय आहे. बार त्या काळातला आहे का, आणि पलटण ओळखता येईल का?

उंडगा

सहावी पण इटली स्टारच असेल, रंग उडालेली. दोन तुकडे उरले म्हणून दोन्ही लावले.

पेन्शनर

उंडगाराव, इटली स्टारला पाच पट्टे असतात, या फितीला तीनच आहेत. रंग उडतो, पट्टे उडत नाहीत. सहावी इंडिपेंडन्स मेडलचीच.

आता पलटणीचं. फितीवरून पलटण कळत नाही. एरिट्रियापासून ट्युनिशियापर्यंत लढलेल्या सगळ्यांना आफ्रिका स्टार एकच, मग तो मराठा असो, राजपुताना रायफल्स असो की गुरखा. मराठा पलटणी केरेनला होत्या हे खरं, इटलीत होत्या हेही खरं. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलेच. पण हे फितीत लिहिलेलं नसतं. भारतीय जवानांना त्या युद्धाची पदकं नंबर-नाव कोरून मिळाली. तशी पदकं सोबत असती तर गोष्ट वेगळी. विक्रेत्याला पदकांबद्दल विचारा, बहुतेक गप्प बसेल.

बाकी निळ्या रेघा बरोबर बाजूला आहेत. १९३९-४५ स्टारची गडद निळी कड आणि आफ्रिका स्टारची गडद निळी रेघ बघणाऱ्याच्या डावीकडेच यायला हवी. नवशिके विकणारे इथे हमखास उलटं लावतात. तुमचा बार ज्याने शिवला त्याला काम माहीत होतं.

छावणीवाला

आमचं घराणं छावणीत वर्दी शिवणारं, म्हणून चार गोष्टी हातासरशी सांगतो.

या फिती आजही नव्या, मीटरवर मिळतात. त्यामुळे नमुना बरोबर आहे म्हणून बार जुना, असं म्हणता येत नाही. बघायचं ते शिवणीत.

दुमड उघडून आत बघा. वापरलेल्या बारची पुढची बाजू विटलेली असते आणि आत दुमडलेला भाग अजून भडक असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली फीत आतबाहेर सारखीच मळकी दिसते.

आवरण बोटाने जोरात चोळा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक), म्हणजे जुनं काम. तापलेली सुई लावून बघू नका. काही लोक इंटरनेटवर तसं सांगतात, पण सेल्युलॉइड भसकन पेटतं.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळाला तर अंधारात धरा. नवा पॉलिस्टर दोरा पांढराशुभ्र चमकतो. पण नुसत्या चमकेवर निकाल देऊ नका. साठ-सत्तरच्या दशकात कुणी ती वर्दी टिनोपालमध्ये (कपडे उजळवायची पावडर) बुडवली असेल तर खरा सुती दोराही चमकेल!

माई_मोडी

क्रमाकडे कुणी बघितलं का? इंडिपेंडन्स मेडल वॉर मेडलच्या नंतर आहे. आपल्याकडे पुढे ब्रिटिश पदकं सगळ्यात शेवटी गेली. माणेकशांची पदकं बघा, स्वातंत्र्याचं पदक आधी आणि १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार त्याच्या मागे. म्हणजे हा बार जुन्या क्रमाने, स्वातंत्र्यानंतर लगेचच केलेला असावा. किंवा आज कुणीतरी ब्रिटिश तक्ता समोर ठेवून जुळवलेला. दोन्ही शक्य आहे, म्हणून छावणीवाल्यांच्या तपासण्या आधी करा.

चिल्लर_संग्राहक

रविवारी दिवा घेऊनच गेलो, विक्रेता वैतागला पण बघू दिलं. कापराचा वास येतो, अगदी देवघरासारखा. पहिल्या पाच फिती आत भडक, बाहेर विटलेल्या, दोरा चमकत नाही. सहावी मात्र आतबाहेर एकसारखी, आणि तिचाच दोरा लख्ख चमकतो. त्या जागेवर आवरणही एका कडेने उचकटलेलं आहे. पाठीचं खाकी कापड सलग आहे, जोड नाही. आणि सहाव्या फितीच्या कडेखाली जुन्या टाक्यात अडकलेले काही धागे दिसले: गडद निळे आणि फिकट निळे.

छावणीवाला

झालं मग. पाच मूळच्या, सहावी नंतरची. कापड सलग आहे आणि खालची ओळही तीन फितींची, म्हणजे सुरुवातीपासून तिथे काहीतरी होतं. पाचच फिती असत्या तर शिंप्याने वर दोन आणि खाली तीन लावल्या असत्या.

माई_मोडी

गडद आणि फिकट निळा म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल! वॉर मेडलच्या नंतरची जागा त्याचीच.

आता गंमत बघा. हे पदक भारतात तीन वर्षं बिगर-लढाऊ सेवेसाठी होतं, ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातली. आफ्रिका स्टारवरची दोन भोकं जर फितीवर लावायच्या रुपेरी ‘८’ या आकड्याची असतील, तर हा माणूस २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याबरोबर होता. म्हणजे १९४२ च्या सप्टेंबरपर्यंत भारतात, मग आफ्रिका, मग इटली. हिशेब चोख बसतो. पण १९४१ च्या सुरुवातीला हाच माणूस केरेनला असेल, तर तीन वर्षं भरायची कधी?

पेन्शनर

माई, वकील व्हायला हवं होतं तुम्ही. मधे परत येऊन पुन्हा गेला असेल अशी पळवाट राहते, पण विक्रेत्याला तेवढं पुरणार नाही.

उंडगा

पण मग केशरी-पांढरी-हिरवी कुणी लावली? आणि का?

छावणीवाला

मूळ फीत कुजली असेल आणि मिळाली ती लावली. किंवा १९४७ चं नाव जोडलं की भाव वाढतो म्हणून लावली. घरच्यांनी चौकटीत घालताना लावली असंही होतं. पॉलिस्टर दोऱ्यावरून एवढंच म्हणता येईल की १९४८ मध्ये लावलेली नाही.

चिल्लरभाऊ, बार घेण्यासारखा आहे. पाच फिती अस्सल, शिवण सुरेख, आवरण मूळचं. पंधराशेच्या वर जाऊ नका. घेतलात तर सहावी फीत उसवू नका आणि नवी इंडिया सर्व्हिस मेडलची फीत आणून ‘दुरुस्ती’ तर अजिबात करू नका. निळे धागे आहेत तिथेच राहू द्या, जवळून फोटो काढून ठेवा. सेल्युलॉइड हवाबंद प्लास्टिकच्या डबीत कोंडू नका, उन्हातही नको. त्यातून वाफा सुटतात आणि पितळी पिन हिरवी पडते.

चिल्लर_संग्राहक

अठराशेला मिळाला. सुभेदार आणि केरेन मी नको म्हटलं, तरी त्याने फुकटात दिलं. जवळचे फोटो उद्या दिवसाउजेडी काढून इथेच चिकटवतो.