पॉट रोस्ट : भाजणं, दम देणं की अंगच्या पाण्यात शिजवणं?

सातारकर
थोरल्या जाऊबाईंसाठी एक परदेशी कृती मराठीत लिहून देते आहे. पॉट रोस्ट. मांसाचा अख्खा मोठा तुकडा तेलावर सगळ्या बाजूंनी लाल करायचा, मग कांदा, गाजर, बटाटा आणि थोडं पाणी घालून घट्ट झाकणाखाली मंद आचेवर दोन-तीन तास ठेवायचा. तिकडे बहुतेक बीफ घेतात, मी बकऱ्याचं मटण घेणार आहे. 'रोस्ट' म्हणून 'भांड्यात भाजलेलं मटण' लिहावं, तर ते पटत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

कराडकर
दमाचं मटण म्हणा की ताई. बिर्याणीमुळे सगळ्यांना कळतं.

मिरजेहून
ताई, 'भाजलेलं' नकोच. भाजतो आपण वांगं, कणीस, पापड. थेट विस्तवावर नाहीतर कोरड्या तव्यावर. तेलावर लाल करणं म्हणजे परतणं, आणि त्यानंतरचे दोन-तीन तास सगळं शिजणंच आहे.

दादा, 'दम' जवळचा आहे, पण दम आपण बहुतेक शेवटी देतो. भात शिजत आला की झाकण लावून वाफ कोंडायची. इथे कच्चं मटण पहिल्यापासून झाकणाखाली आहे. 'सुक्कं' म्हणावं तर त्यात पाणी आटवतात, आणि इथला रस तर राखायचा आहे.

आमच्याकडे आई एवढंच म्हणते, "अंगच्या पाण्यात शिजू दे." मीठ-हळद चोळलेलं मटण पातेल्यात परतलं की त्याला पाणी सुटतं, ते अंगचं पाणी. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. त्या पाण्यामुळे ताट फार तापत नाही, आतली वाफ ताटाच्या बुडाला लागून पाणी होते आणि परत मटणावर पडते. ताटातलं पाणी कढत झालं की लागेल तसं तेच आत घालायचं. म्हणून कृतीत 'थोडं पाणी घाला' लिहू नका, 'आधणाचं पाणी' लिहा. गरमच घालायचं हे जाऊबाईंना वेगळं सांगावं लागणार नाही. गार पाण्याने शिजणं मध्येच थांबतं.

आणखी दोन शब्द नीट वापरा, कारण या कृतीचा सगळा जीव त्यांत आहे. 'निबर' हे जनावराबद्दल, 'वातड' हे शिजवण्याबद्दल. निबर बोकडाच्या खांद्यातले पांढरे पडदे जास्त चिवट असतात. मंद आचेवर तासन्‌तास राहिले की ते विरघळून रसाला दाटपणा येतो. घाईने मोठ्या आचेवर खदखदा उकळलं तर तंतू आवळतात आणि मटण वातड होतं. पॉट रोस्ट निबर मटणासाठीच आहे, कोवळ्याला इतका वेळ लागत नाही.

तासगावकर
वैल विसरू नका. चुलीच्या बाजूचं ते दुसरं तोंड, कुणी औलही म्हणतं. मुख्य चुलीवर भाकरी चाललेली असते आणि तिचीच धग आतून वैलाकडे येते, म्हणून तिथली आच आपोआप मंद. 'वैलावर ठेव' म्हटलं की सावकाश शिजव, असंच आम्ही समजायचो. गॅसवाल्यांना मात्र 'बारीक आच' असंच लिहावं लागेल.

एक खबरदारी. यात तिखट नाही म्हणून कुणी 'अळणी मटण' लिहील. शब्दकोशात अळणी म्हणजे बिनमिठाचं, पण आपल्या भागात मटणाचं अळणी म्हणजे मीठ-हळद, आलं-लसूण घातलेलं, फक्त चटणी, म्हणजे तिखट मसाला, नसलेलं. मुलांना आधी वाटीत देतात ते. पुण्याच्या पुढचा माणूस अळणी वाचून मीठच घालणार नाही.

कराडकर
हे पटलं. दम मागे घेतो.

सातारकर
मग नाव 'अंगच्या पाण्यातलं मटण' आणि कंसात पॉट रोस्ट. खाली वैल, आधण दोन्ही येतील, जाऊबाईंकडे चूल अजून आहे. आता खाटकाला काय सांगू? 'खांद्याचं द्या' म्हटलं तर तो तुकडेच करतो.

मिरजेहून
'पुढचा फरा, म्हणजे खांदा, अख्खा ठेवा, तुकडे नकोत, फक्त सांध्यात मोडून द्या' असं सांगा. मोडला नाही तर पातेल्यात बसत नाही.