माऊईचा हाना रोड सामानासकट सायकलने: जमेल का?

भटकंतीवेडा:
नमस्कार मंडळी, हवाईतल्या माऊई बेटावर जायचं ठरतंय आणि हाना रोड मला सायकलनेच करायचाय. काहुलुई ते हाना साधारण ८४ किमी, मॅपवर एका दिवसाचं काम वाटतं, पण ६२० वळणं आणि ५९ पूल हे वाचल्यापासून विचारात पडलोय. मागे दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा), तंबू सोबत. आणि येताना त्याच रस्त्याने यावं की दक्षिणेकडून बेटाला वळसा घालून?

घाटवाट:
मी केलाय, आणि एका दिवसात उरकायला जाऊ नका एवढं कळकळीने सांगतो. मोठा घाट एकही नाही, पण प्रत्येक घळीपाशी रस्ता आत वळतो, पुलापर्यंत उतरतो आणि पलीकडे लगेच चढतो, हे दिवसभर चालतं आणि भरलेल्या सायकलवर मांड्यांचा पार पिट्ट्या पडतो. वारा ईशान्येचा, म्हणजे जाताना बराचसा तोंडावर. पाऊस कधीही. मी रिम ब्रेकवर (चाकाच्या कडेवर घासणारे) गेलो होतो, वाटेतल्या केआनाई गावाच्या पुढे एका उतारावर ओल्या रिमवर ब्रेक लागेचनात, पुलाच्या तोंडाशी कशीबशी थांबली सायकल, हात थरथरत होते. पण तिथेच कठड्याला टेकून उभा राहिलो तर धबधब्याचे तुषार चष्म्यावर, खाली खडकावर शेवाळ, गाडीत बसून हे दिसलंच नसतं. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम, जादा पॅड घ्याच.

चाकोरी:
ट्रॅफिकचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. तिथे उजवीकडून चालवतात, त्यामुळे हानाकडे जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला असता आणि येताना दरीच्या. काहुलुईजवळच्या पाईया गावातून उजाडताच निघा, भाड्याच्या गाड्या नंतर येतात. ५९ पैकी ४६ पूल एकेरी लेनचे, तिथे समोरची रांग आधी जाऊ द्या, मग लेनच्या मधोमध चालवा, कडेला सरकलात की मागचा घुसतोच. आरसा आणि मागचा लाइट लावाच. मुक्कामाला हानाजवळचं वाईआनापानापा, काळ्या वाळूचा किनारा आहे, पण आधी बुकिंग लागतं.

घाटवाट:
चाकोरी, पुलांचं अगदी बरोबर. दक्षिणेचं राहिलंच. हालेआकाला ज्वालामुखी ३,०५५ मीटर, तो पाऊस अडवतो, त्यामुळे हानानंतरच्या किपाहुलूच्या पुढे हिरवळ संपत जाते, सावली नाही, काही भाग खडीचा, आणि मग उलुपालाकुआपर्यंत जवळजवळ ६०० मीटरची चढण. बारीक टायरवर नको, ४० मिमीच्या आसपासचे हवेत, आणि पाणी हानातच भरून घ्या. मला स्वतःला मात्र हाच भाग जास्त आवडला, एका बाजूला लाव्हाचे काळे उतार, दुसरीकडे समुद्र, आणि तासन्‌तास कोणी नाही.

भटकंतीवेडा:
खूप आभार दोघांचे! मग असं करतो, केआनाईजवळ रीतसर राहायची सोय बघतो, दुसरी रात्र वाईआनापानापा, आणि पुढे दक्षिणेकडूनच. सध्याचे टायर ३२ चे आहेत, फ्रेममध्ये ४० बसतात का ते आज चाक काढून मोजतो.